महाकाय भोपळा : आकार आणि वजनाचे गणित

इंग्लंडमधील रेडिंगजवळच्या वॉरग्रेव्ह येथे ऑक्टोबर २०२५ मध्ये एक भोपळा काट्यावर चढविण्यात आला आणि त्याचे वजन भरले १,२७८.८ किलो. हॅम्पशायर परगण्यातील लिमिंग्टनच्या स्टुअर्ट आणि इयन पेटन या जुळ्या भावांनी हरितगृहात वाढविलेले हे फळ तोवर वजन झालेल्या साऱ्या भोपळ्यांत जड ठरले व गिनीज बुकात विश्वविक्रम म्हणून नोंदले गेले. एकेकाळी आपल्या रस्त्यांवर सर्रास दिसणाऱ्या मारुती ८०० जातीच्या जवळजवळ दोन मोटारींचे हे वजन आहे.

या भोपळ्याचा घेर होता ६.३०९ मीटर. एवढाच घेर असलेला, आतून भरीव आणि पाण्याइतक्या घनतेचा वाटोळा गोळा कल्पिला, तर त्याचे वजन सव्वाचार टनांच्या आसपास जाईल. भोपळा मात्र तेराशे किलोच्याही आतच राहिला. मधले तीन टन कोठे गेले, या प्रश्नाचे उत्तर दोन गोष्टींत आहे. इतके मोठे फळ वाटोळे राहात नाही, चपटे होते. आणि ते आतून पोकळ असते. महाकाय भोपळे पिकविणाऱ्यांची सारी हिकमत या दोन गोष्टींभोवती फिरते. आकाराने मोठा दिसणारा भोपळा काट्यावर जड ठरेलच असे नाही, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ठाऊक आहे. त्यामागचे भूमितीचे आणि पदार्थविज्ञानाचे कारण मात्र तुलनेने अलीकडे तपासले गेले.

घारग्यांचा भोपळा वेगळा

लेकीकडून परतणाऱ्या म्हातारीला पोटात घेऊन जंगलातून जाणाऱ्या भोपळ्याची गोष्ट ऐकत लहानाचे मोठे झालेल्या मराठी वाचकाला माणूस मावेल एवढ्या भोपळ्याचे फारसे नवल वाटू नये. परंतु आपल्या मंडईत फाकांनी विकला जाणारा, घारगे आणि भरीत यांसाठी वापरला जाणारा लाल भोपळा बहुतांशी ‘कुकुर्बिटा मॉस्काटा’ या जातीचा असतो. स्पर्धेतले महाकाय भोपळे ‘कुकुर्बिटा मॅक्सिमा’ जातीचे. दोहोंतील फरक देठावरून ओळखता येतो. मॉस्काटाचा देठ कठीण, पाच कंगोऱ्यांचा आणि फळाला चिकटतो तेथे पसरट झालेला असतो; मॅक्सिमाचा देठ गोल, जाड आणि बुचासारखा भुसभुशीत असतो.

मॅक्सिमाचे मूळ दक्षिण अमेरिकेत आहे. तिचा रानटी पूर्वज अर्जेंटिना आणि उरुग्वे या देशांत आजही उगवतो आणि त्याचे फळ जेमतेम चेंडूएवढे, कडू असते. त्या चेंडूपासून सव्वा टनापर्यंतचा प्रवास माणसाने निवडून निवडून घडवून आणला. खाण्याच्या दृष्टीने या महाकाय फळाला फारशी किंमत नाही; गर पाणचट, जाड्याभरड्या धाग्यांचा आणि चवीला सपक असतो. ते पिकविले जाते ते केवळ वजनासाठी.

गोडरिच ते विंडसर

महाकाय भोपळ्यांच्या इतिहासाची सुरुवात कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या गोडरिच या गावी झाली, असे मानले जाते. तेथील विल्यम वॉर्नॉक याने १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनात ३६५ पौंडांचा, १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ४०० पौंडांचा आणि १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात ४०३ पौंडांचा, म्हणजे सुमारे १८३ किलोंचा भोपळा मांडला. हा शेवटचा आकडा पुढे तब्बल ७२ वर्षे टिकला. १९७६ मध्ये पेनसिल्वेनियात ४५१ पौंडांचा, सुमारे २०५ किलोंचा भोपळा निघाला तेव्हा कोठे तो मोडला.

त्यानंतर चित्र बदलले ते हॉवर्ड डिल या शेतकऱ्यामुळे. कॅनडाच्याच नोव्हा स्कॉशिया प्रांतात विंडसर येथे शेती करणाऱ्या डिल यांनी वर्षानुवर्षे मोठ्या फळांचे बी राखून, त्यांचे हाताने परागीभवन करून ‘अटलांटिक जायंट’ हा वाण सिद्ध केला. १९७९ ते १९८२ अशी सलग चार वर्षे त्यांनी स्पर्धा जिंकली. १९८० मध्ये त्यांच्या भोपळ्याने ४५९ पौंड आणि १९८१ मध्ये ४९३.५ पौंड, म्हणजे सुमारे २२४ किलो, असे विक्रम केले. डिल २००८ मध्ये निवर्तले. आज जगात जो कोणी स्पर्धेसाठी भोपळा लावतो, त्याच्या बियाण्याची वंशावळ बहुधा डिल यांच्या शेतापाशी जाऊन पोचते.

पुढचा वेग थक्क करणारा आहे. १९०४ ते १९७६ या काळात विक्रम जेमतेम २२ किलोंनी वाढला होता; १९८१ ते २०२५ या ४४ वर्षांत तो १,०५५ किलोंनी वाढला. हजार पौंडांची सीमा १९९६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका दांपत्याने १,०६१ पौंडांच्या फळाने ओलांडली. अमेरिकेत दोन हजार पौंडांना एक टन म्हणतात. त्या हिशेबाने पहिला ‘एक टनी’ भोपळा २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील टॉप्सफील्ड येथे रॉन वॉलेस यांनी आणला. त्याचे वजन होते २,००९ पौंड, सुमारे ९११ किलो. आपल्या परिचयाचा हजार किलोंचा टन २०१४ मध्ये स्वित्झर्लंडच्या बेनी मायर यांनी जर्मनीतील लुडविग्सबुर्ग येथे १,०५४ किलो वजनाने पार केला. पाठोपाठ २०१६ मध्ये बेल्जियमचे मथियास विलेमाइन्स यांनी १,१९०.५ किलो, २०२१ मध्ये इटलीचे स्तेफानो कुत्रुपी यांनी १,२२६ किलो आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटाचे ट्रॅव्हिस गिंगर यांनी कॅलिफोर्नियातील हाफ मून बे येथे २,७४९ पौंड, म्हणजे सुमारे १,२४७ किलो अशी मजल मारली. उत्तर अमेरिकेत जन्मलेला हा छंद आता युरोपनेही तितक्याच हिरिरीने उचललेला दिसतो.

टेप काय सांगते, काय सांगत नाही

शेतातल्या वेलीवर वाढणारा भोपळा रोज काट्यावर चढविता येत नाही. त्यामुळे त्याच्या वजनाचा अंदाज मोजमापांवरून बांधावा लागतो. यासाठी रूढ झालेल्या पद्धतीला ‘ओव्हर द टॉप’, अर्थात माथ्यावरून घेतलेले माप, असे म्हणतात. त्यात तीन मापे असतात. पहिले जमिनीला समांतर असा देठापासून निघून फुलाच्या टोकावरून परत देठाशी येणारा पूर्ण घेर. दुसरे देठाकडील जमिनीपासून वर चढून माथ्यावरून फुलाकडील जमिनीपर्यंत. तिसरे तसेच, पण एका कुशीपासून दुसऱ्या कुशीपर्यंत. या तिन्ही मापांची बेरीज करून, पूर्वी वजन झालेल्या शेकडो भोपळ्यांच्या नोंदींवरून तयार केलेल्या तक्त्यात पाहिले की अंदाजे वजन मिळते.

हा तक्ता सरासरीवर बेतलेला असल्याने एकेक फळ त्याला चकवा देते. टेपने सांगितलेल्या वजनापेक्षा काट्यावर जास्त भरलेल्या फळाला ‘तक्त्यापेक्षा जड’ आणि कमी भरलेल्याला ‘तक्त्यापेक्षा हलका’ म्हणतात. हा फरक टक्क्यांत सांगण्याची प्रथा आहे. बियाण्याची निवड करताना जाणकार शेतकरी नुसते वजन पाहात नाहीत, ही टक्केवारीही पाहतात. कारण मोठे पण हलके फळ देणारा वाण आणि थोडे लहान पण जड फळ देणारा वाण यांत दुसऱ्याचे बी अधिक मोलाचे ठरू शकते.

टेपला बाहेरची कातडी तेवढी दिसते. आतल्या गराची जाडी तिला कळत नाही. हिशेबासाठी दीड मीटर व्यासाचा अगदी वाटोळा भोपळा घेऊ. गराची जाडी सगळीकडे २० सेंटिमीटर आणि गराची घनता पाण्याच्या नऊदशांश धरली तर वजन सुमारे ९६३ किलो येते. गर फक्त दोन सेंटिमीटरने, म्हणजे २२ सेंटिमीटर जाड केला, तर तेच वजन १,०२९ किलो होते. बाहेरून तसूभरही फरक न दिसता ६६ किलो वाढले! स्पर्धेत पहिला आणि दुसरा क्रमांक यांत याहून कमी अंतर असणे मुळीच दुर्मीळ नाही.

आपल्याकडे तंबोऱ्यासाठी लागणाऱ्या भोपळ्याची पारख नेमकी उलटी असते. मिरजेच्या कारागिरांकडे पंढरपूर परिसरातून येणारे ते भोपळे दुधीच्या कुळातले. त्यांची किंमत ठरते ती मोठ्या पोकळीवर, सुकल्यावर हलक्या पण टणक राहणाऱ्या कवचावर आणि सुडौल गोलाईवर. पोकळी हाच तेथे गुण, तर काट्यावरच्या भोपळ्यात तोच दोष.

वाटोळा की चपटा?

आता मूळ प्रश्न आकाराचा. शाळेच्या भूमितीत शिकविले जाते की, ठरावीक पृष्ठभागात जास्तीत जास्त जागा सामावून घेणारा आकार म्हणजे गोल. त्यावरून कोणालाही वाटेल की वाटोळा भोपळाच सर्वात जड असणार. पण वजन जागेचे नसते, गराचे असते. आणि गर असतो पृष्ठभागालगत. गोलाने सामावून घेतलेल्या जागेचा मोठा हिस्सा पोकळीतच जातो.

हे पडताळण्यासाठी टेपच्या तिन्ही मापांची बेरीज सारखीच, सुमारे १२.४२ मीटर, असलेले तीन काल्पनिक भोपळे शेजारी ठेवू. तिघांचाही गर २० सेंटिमीटर जाड आणि घनता वरच्याप्रमाणेच. पहिला वाटोळा, दीड मीटर रुंद आणि तितकाच उंच. दुसरा वरून दाबलेल्या चेंडूसारखा, सुमारे १८० सेंटिमीटर रुंद आणि १०८ सेंटिमीटर उंच. तिसरा फारच बसका, सुमारे १९९ सेंटिमीटर रुंद आणि अवघा ८० सेंटिमीटर उंच. पहिल्याचे बाह्य आकारमान १,७६७ लिटर, दुसऱ्याचे १,८३९ लिटर आणि तिसऱ्याचे १,६५२ लिटर भरते. वजन मात्र पहिल्याचे ९६३ किलो, दुसऱ्याचे १,०२४ किलो आणि तिसऱ्याचे १,०१४ किलो येते. तिघांत कमी जागा व्यापणारा तिसरा भोपळाही वाटोळ्यापेक्षा ५१ किलोंनी जड ठरतो, कारण त्याची पोकळी लहान, सुमारे ५२५ लिटरची आहे. वाटोळ्याची ६९७ लिटरची.

हे आकडे आदर्श आकारांचे आहेत, शेतातल्या फळाचे नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. प्रत्यक्षात गराची जाडी सगळीकडे सारखी नसते. फळावर फाकांचे फुगवटे आणि त्यांमधल्या खोल चरा असतात. टेप फुगवट्यांच्या माथ्यांवरून जाते, चरांच्या तळापर्यंत उतरत नाही. त्यामुळे खोल चरांचे फळ मोजमापात मोठे दिसते. त्याहून फसवा असतो तो तळ. पुष्कळ मोठ्या भोपळ्यांचा बूड जमिनीवर सपाट टेकलेला नसतो. तो कमानीसारखा आत वळलेला असतो. टेप माथ्यावरून जमिनीपर्यंत येते, पण खालच्या कमानीत हवा आहे की गर, हे तिला समजत नाही. फळ क्रेनने उचलले जाते तेव्हाच मालकाला तळाचे पहिले दर्शन घडते, आणि महिनोन्‌महिने मनात धरलेल्या आकड्याचे काय होणार याची कुणकुण लागते.

तरीही वरच्या हिशेबातून निघणारी दिशा खरी आहे. थोडा चपटेपणा वजनाला मारक नसून उपकारक असतो. आणि एका मर्यादेपलीकडे तो फायदा ओसरू लागतो.

आकार ठरविते गुरुत्वाकर्षण

शेतकऱ्याने ठरविले तरी सव्वा टनाचे फळ वाटोळे ठेवता येणार नाही. गॅलिलिओने १६३८ मधील आपल्या ग्रंथात मांडलेले तत्त्व येथे लागू पडते. वस्तूची लांबी-रुंदी-उंची दुप्पट झाली की वजन आठपट होते, पण ते वजन पेलणाऱ्या छेदाचे क्षेत्रफळ चौपटच होते. त्यामुळे आकार वाढत जातो तसतसा फळाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा ताण वाढतो. लहान भोपळा हा ताण सहज पेलतो आणि आपला गोलवा राखतो. मोठा बसू लागतो.

अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे डेव्हिड हू आणि त्यांचे सहकारी यांनी या बसण्याचा अभ्यास करून २०११ मध्ये तो प्रसिद्ध केला. स्पर्धांमधील फळांची मापे, वाढीच्या काळातली छायाचित्रे आणि गणिती प्रतिकृती यांच्या आधारे त्यांनी दाखवून दिले की, वजन वाढते तसे उंचीचे रुंदीशी असलेले प्रमाण घटत जाते. विशेष म्हणजे हे बसणे रबरी चेंडू दाबल्यासारखे नसते. चेंडूवरचा दाब काढला की तो पूर्ववत होतो. भोपळ्याच्या जिवंत पेशी ताणाखाली वाढत असतात. ज्या दिशेला ताण त्या दिशेला वाढ होते आणि ती कायमची राहते. आजचा ताण उद्याच्या आकारात जिरून जातो. या धिम्या, कायमस्वरूपी ताणल्या जाण्यामुळेच फळ न फुटता इतके मोठे होऊ शकते.

भोपळा जमिनीवर टेकून वाढतो, ही त्याची जमेची बाजू. झाडाला लटकणाऱ्या फळाचे सारे वजन देठाने पेलावे लागते. फणस हे झाडावर लागणारे सर्वात मोठे फळ. त्याचा गिनीज बुकातला विक्रम पुण्यात जून २०१६ मध्ये नोंदला गेला आणि तो ४२.७२ किलोंचा आहे. पेटन बंधूंचा एक भोपळा म्हणजे असे तीस फणस. भोपळ्याच्या देठाला वजन पेलावे लागत नाही, फक्त पाणी आणि साखर पोचवावी लागते.

ही पोचवणूकही साधी बाब नाही. जेसिका सॅव्हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये महाकाय वाणांची तुलना त्यांच्या लहान फळांच्या पूर्वज वाणाशी केली. मोठ्या वाणांची पाने अधिक साखर तयार करीत असतील असा सर्वसाधारण समज होता. परंतु पानांचे क्षेत्रफळ किंवा प्रकाशसंश्लेषणाची क्षमता यांमुळे फळ मोठे झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. फरक सापडला तो वाहतुकीत. महाकाय वाणांच्या पानांच्या आणि फळांच्या देठांत रसवाहिन्यांचे प्रमाण जास्त होते. डिल आणि त्यांच्या मागून आलेल्यांनी मोठे फळ निवडता निवडता, नकळत रुंद रस्ते असलेली वेल निवडली होती.

शंभर दिवसांची शेती

उत्तर गोलार्धातील थंड देशांत एप्रिलमध्ये घरात, उबदार जागी बी रुजत घालतात. बियाण्याचे कवच जाड असल्याने त्याच्या कडा कानशीने किंचित घासून घेण्याची पद्धत आहे. मे महिन्यात रोप शेतात जाते आणि थंडीपासून जपण्यासाठी त्यावर छोटे आच्छादन उभारतात. एका वेलीला साधारण ९० चौरस मीटर, म्हणजे मुंबईतल्या एखाद्या प्रशस्त सदनिकेएवढी जागा दिली जाते. मुख्य वेल सरळ नेऊन तिला दोन्ही अंगांनी फांद्या फुटू देतात आणि पेरांवर माती ओढतात, जेणेकरून प्रत्येक पेराला मुळे फुटून पाण्याची आणि अन्नद्रव्यांची जास्तीची सोय होते.

जूनअखेर ते जुलैच्या आरंभी परागीभवन होते. मादी फूल आदल्या संध्याकाळीच बांधून ठेवतात, म्हणजे मधमाश्यांना शिरकाव मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ठरविलेल्या वेलीवरच्या नर फुलाचे पराग हाताने लावतात. आई कोण आणि बाप कोण याची नोंद ठेवली जाते. बियाण्याला पालक-फळाचे पौंडांतले वजन आणि शेतकऱ्याचे आडनाव मिळून नाव मिळते; वॉलेस यांच्या विक्रमी फळाचे बी ‘२००९ वॉलेस’ म्हणून ओळखले जाते. वंशावळीच्या या नोंदी एखाद्या घराण्याच्या कुलवृत्तांतासारख्या जपल्या जातात. एखादे बी रंग चांगला देते, एखादे लांबट फळ, एखादे चपटे आणि जाड गराचे, अशी त्यांची ख्याती असते.

सुरुवातीला दोन-तीन फळे धरून त्यांच्या वाढीवर काही दिवस नजर ठेवतात आणि मग एक राखून बाकीची खुडून टाकतात. ही निवड सर्वात अवघड. दहा-पंधरा दिवसांच्या फळाच्या ठेवणीवरून तीन महिन्यांनंतरचा आकार ओळखायचा असतो. वेगाने वाढणारे फळ राखावे, की थोडे मागे पण ठेवणीने चांगले असलेले, यावर अनुभवी मंडळींचेही एकमत होत नाही. एकदा निवड झाली की सारा हंगाम त्या एका फळावर लागतो.

याच काळात फळाची दिशा सुधारतात. देठ वेलीशी काटकोनात असावा म्हणून रोज थोडे थोडे, बोटभर, फळ हलवितात. फळाखाली वाळूचा थर, विणलेले जाड कापड किंवा फोमचे तक्ते घालतात. त्यामुळे बूड ओलाव्यापासून वाचतो आणि पसरणारे फळ जमिनीवर सहज सरकू शकते. उन्हाने साल लवकर टणक होऊ नये म्हणून फळावर कापडाची सावली धरतात, कारण टणक साल ताणली जात नाही, तडकते. ऐन भरात भोपळा दिवसाला २० किलो किंवा त्याहूनही अधिक वजन घेतो. तासाला जवळजवळ एक किलो! या दिवसांत शेतकरी सुटीवर जात नाहीत.

चिरेचे भय

चपटेपणा वजनाला उपकारक असला तरी त्याची किंमत द्यावी लागते. चपट्या फळाचे खांदे देठाच्या दोन्ही अंगांनी फुगून पुढे येतात आणि मुख्य वेलीवर दाबू लागतात. वेल चेंगरली की अन्नपुरवठा तुटतो किंवा देठच उपटला जातो. उंच, वाटोळ्या फळाचा त्रास वेगळा. ते वाढताना देठाला वर उचलते आणि जमिनीत मुळे रोवलेली वेल ताणली जाते. म्हणून फळाजवळच्या पेरांची मुळे आधीच तोडून ठेवतात आणि वेलीला फळापासून दूर जाणारे वळण देतात, म्हणजे तिला हलायला वाव राहतो.

तडे जाण्याच्या जागाही आकारावर अवलंबून असतात. देठाभोवतीचा भाग, फुलाकडचे टोक आणि फाकांमधल्या खोल चरा या ठिकाणी ताण एकवटतो. अवेळी पडलेला जोराचा पाऊस किंवा एकदम वाढविलेले पाणी यांमुळे आतली वाढ सालीच्या ताकदीपुढे जाते आणि एखाद्या पहाटे फळ उभे चिरलेले सापडते.

स्पर्धेचे नियम या बाबतीत निष्ठुर आहेत. जगभरातील बहुतेक स्पर्धांचे नियमन ‘ग्रेट पम्पकिन कॉमनवेल्थ’ ही संघटना करते. तिच्या नियमांनुसार फळ निकोप असले पाहिजे. वरवरची चीर चालते, पण आतल्या पोकळीपर्यंत आरपार गेलेली चीर किंवा भोक असेल, वा फळ कोठे सडलेले असेल, तर ते कितीही जड असले तरी बाद होते. रंगाचाही नियम आहे. मलईसारख्या पिवळटपासून नारिंगीपर्यंतच्या छटांचे फळ तेवढे ‘पम्पकिन’ म्हणून धरले जाते. हिरवे फळ त्याच जातीचे असूनही ‘स्क्वॉश’ म्हणून वेगळ्या गटात जाते. जाडी, पोकळी, ठेवण यांचे सारे गणित जमलेले फळ नखभर भोकापायी विक्रमाच्या यादीबाहेर राहू शकते, आणि त्याच्यामागे वेलीवर दुसरे फळ शिल्लक नसते.

काट्यानंतर

वजन झाल्यावर भोपळा फोडला जातो तो बियांसाठी. गराची खरी जाडीही तेव्हाच डोळ्यांना दिसते. काही भोपळे मात्र पाण्यात उतरतात. डिल यांच्या विंडसर गावी १९९९ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीत महाकाय भोपळे वरून कापून, आतून कोरून त्यांच्या होड्या केल्या जात आणि स्पर्धक त्यांत बसून वल्ही मारीत तलाव ओलांडत. पोकळी येथे पुन्हा गुण ठरते, कारण तिच्यामुळेच फळ तरंगते. वाटोळा भोपळा पाण्यात गिरकी घेतो, कलंडतो. त्याला बसका, रुंद भोपळा बरा.

पण ज्या भोपळ्यांवर पुढच्या हंगामाची भिस्त असते, ते होडी होत नाहीत. त्यांच्या बिया धुऊन, वाळवून, मोजून पाकिटांत भरल्या जातात आणि पाकिटावर लिहिले जाते फळाचे वजन, शेतकऱ्याचे नाव आणि तक्त्यापेक्षा किती टक्के जड.